नाग डूख धरत नाही, पण म्हणून तो बिनडोक पण नाही

पावसाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. नागाला मारलं की त्याच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो उमटतो, नागीण तो बघते, चेहरा लक्षात ठेवते आणि बारा वर्षांनी का होईना बदला घेतेच, म्हणून दिसली तर जोडीच संपवा. या शेवटच्या ओळीमुळे बिचारे साप हकनाक मरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डोळ्यात फोटो? डोळ्यात प्रतिमा साठवायची सोयच नसते, ना सापाच्या ना आपल्या. हां, मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकं सुद्धा बराच वेळ चावू शकतं हे मात्र खरंय, पण ती मज्जातंतूंची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, राग नाही.

जोडी? नाग-नागीण जन्मभर जोडीनं राहत नाहीत. आणि शेताच्या बांधावर वेटोळे घालून उभे राहिलेले दोन साप, ज्यांना बघून लोक हात जोडतात, ते बहुतेक वेळा दोन नर धामण असतात आणि त्यांची मादीसाठी झुंज चाललेली असते.

मग मारल्यावर दुसरा नाग त्याच जागी येतो तो कसा, असं लोक विचारतात आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे. साप जीभ बाहेर काढतो तेव्हा हवेतले, जमिनीवरचे वासाचे कण गोळा करत असतो, ते टाळूतल्या जेकबसन नावाच्या अवयवाकडे जातात, आणि मीलनाच्या काळात नर मादीच्या वासाचा माग काढत येतो. तुम्ही मादी मारली असेल तर तो माग तुमच्या अंगणातच संपणार ना! शिवाय नाग एका वेळी दहा-वीस अंडी घालतो, ती घराजवळच फुटली की एकामागून एक पिल्लं निघतात, आणि घराला लागून सरपणाचा ढीग, धान्याची पोती आणि उंदीर असतील तर कुठलाही साप येणारच, आधीचा मारला असो नसो.

आता दुसऱ्या टोकाला जाऊन 'सापाला अक्कलच नसते' म्हणणारे पण आहेत, ते पण चूक. अमेरिकेत डेव्हिड होल्ट्झमन या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की कॉर्न स्नेक (तिकडचा एक बिनविषारी साप) बाहेर पडायला अनेक भोकांतलं एकच उघडं भोक शिकून लक्षात ठेवतात आणि दर वेळी लवकर गाठतात. कॅनडातल्या २०२० च्या अभ्यासात गार्टर जातीचे साप ठरावीक सापांच्याच सोबतीला जास्त राहताना दिसले. म्हणजे सापाला जागा कळते, सोबतचा साप कोण हे पण कळतं, पण ते सगळं त्याच्या पोटासाठी आणि जीव वाचवण्यासाठी. माणसाचा सूड मनात धरून वर्षानुवर्षं फिरणं हे आपलं, त्याच्यावर लादलेलं.

आणि 'कुणाचं काय बिघडतं, मानू दे की' असं कृपया म्हणू नका. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातली बहुतेक खेड्यातली. डूख म्हटलं की घरचे आधी मांत्रिकाकडे, नागाच्या देवळात धावतात, आणि मण्यार चावली असेल तर दुखत पण नाही फारसं, सूज नाही, पापण्या जड होईपर्यंत कुणाला कळतच नाही, तोवर तास-दोन तास गेलेले असतात. चावल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका, आणि जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे त्या दवाखान्यात सरळ जा.