सात किलोंचं किर्गिझस्तान

सगळी चूक माझ्या मेहुण्याची. गणपतीत जेवायला आला होता. तिसऱ्या मोदकावर तूप ओतून घेता घेता म्हणाला, "दाजी, बँकॉकला आता आपला किराणावालासुद्धा जाऊन आला. जायचं तर कोणी जात नाही तिथे जायचं. पाठीवर एक सॅक, रोजचा खर्च दीड हजार, दहा दिवस. बास." मोदक फक्कड झाले होते, आणि फक्कड मोदक पोटात असलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

"पण कुठे?" मी विचारलं.

"किर्गिझस्तान."

आई वाढत होती. तिला त्यातलं फक्त 'स्तान' ऐकू आलं आणि वरणाची पळी हवेतच थांबली. बायकोने मात्र शांतपणे विचारलं, "संडास कुठे असतो?" पुढच्या दहा महिन्यांत आम्ही तिकडचे नकाशे, घाट, गाड्यांची वेळापत्रकं सगळं पालथं घातलं, पण या एका प्रश्नाचं तिला पटेल असं उत्तर काही देता आलं नाही. ती पहिल्याच दिवशी गळाली. 'तिकडे डोंगरात रेंज नसते' हे कळल्यावर आठवीतली मुलगी गळाली. उरलो आम्ही दोघं: एक उत्साही आणि एक भिडस्त.

किर्गिझस्तान कागदावर खरोखर सोयीचं आहे. दिल्लीहून राजधानी बिश्केकला विमान साडेतीन तासांच्या आसपास पोचतं. एवढ्या वेळात पावसाळ्यात मी डोंबिवलीहून पनवेलला पोचेन याची खात्री नाही. तिकडचं चलन सोम, आणि एक सोम म्हणजे जवळजवळ एक रुपयाच. मेहुण्याला हे वरदान वाटलं. मला हळूहळू त्यातली गोम कळली. व्हिएतनाम-इंडोनेशियात माणूस इतक्या शून्यांत बुडतो की आपण काय उधळलं ते परत येईपर्यंत कळत नाही. इथे तशी सूट नाही. चहाचे साठ सोम म्हणजे सरळ स्टेशनबाहेरच्या टपरीचे सहा कटिंग डोळ्यांसमोर उभे राहतात.

मेहुण्याने एक्सेल शीट केली. किर्गिझांचं 'मानस' नावाचं महाकाव्य आहे, त्याची एक आवृत्ती पाच लाख ओळींची भरते म्हणतात. आमची शीट नोव्हेंबरातच त्या दिशेने निघाली होती. तीत राहणं, खाणं, प्रवास, घोडा असे रकाने होते आणि शेवटी माझ्या आग्रहाने 'किरकोळ' हा एक. लग्नकार्याचा अनुभव असलेला कोणीही सांगेल की बजेटमध्ये खरा रकाना तोच, बाकीचे शोभेला.

मग विमानाची तिकिटं. रात्री अकराला दिसलेला भाव अकरा वाजून चार मिनिटांनी का वाढतो, हे ज्याला कळलं त्याने मला जरूर सांगावं. दोन महिने मी रोज रात्री तिकिटं बघत होतो, सकाळी मेहुण्याला कळवत होतो, आणि तो म्हणत होता, "थांबा दाजी, पडेल." कांद्याचा साठा करणारा व्यापारीसुद्धा असा थांबत नसेल. शेवटी त्यालाच शोध लागला की बिश्केकऐवजी शेजारच्या कझाकस्तानातल्या अल्माटीला उतरलं तर माणशी बाराशे रुपये वाचतात. भारतीयांना कझाकस्तानात चौदा दिवस व्हिसा लागत नाही, अल्माटीहून बिश्केक रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आत, मध्ये एक सरहद्द, की पोचलो. बाराशे रुपयांसाठी एक आख्खा देश मध्ये घातला होता, पण त्या क्षणी आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली. मग त्या स्वस्त तिकिटात सीट धरलेली नाही हे कळलं. जेवण नव्हतं. आणि सामान म्हणजे केबिनमध्ये नेता येईल ती एक सॅक, वजन सात किलो. वरती एक ग्रॅम झाला तर काउंटरवर भरायची रक्कम वाचून मी उठून पाणी प्यायलो.

"चेक-इन बॅग घेऊन टाकू या," मी म्हटलं.

"बॅकपॅकर चेक-इन करत नाही, दाजी," तो म्हणाला. असा काही नियम असल्यासारखा.

किर्गिझस्तानचा ई-व्हिसा मिळतो, पण तो कुठल्या नाक्यावरून चालतो याची वेगळी यादी असते. ती यादी मी पाठ केली. फोटो चार वेळा काढला, कारण आमचा फोटोवाला आपण होऊन माणसाला गोरा करतो आणि मग पासपोर्टातला मी आणि व्हिसातला मी हे सख्खे भाऊसुद्धा वाटत नव्हतो. विम्याच्या अर्जात प्रश्न होता: साहसी खेळात भाग घेणार का? घोड्यावर बसणं हा साहसी खेळ आहे का, हे मी फोन करून विचारलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, तुमचं वय?" सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आहे."

घोडा का, तर सोंग-कुल नावाच्या तळ्यासाठी. या देशाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त भागात डोंगरच आहेत. त्यात इसिक-कुल हे मोठं सरोवर. नावाचाच अर्थ उबदार तळं, कारण एवढ्या थंडीतही ते गोठत नाही. त्याच्या पाण्याची पातळी १,६०७ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ज्या शिखरावर चढून आपण धापा टाकत फोटो काढतो, जवळजवळ त्याच उंचीवर तिकडे लोक पोहत असतात. सोंग-कुल त्याच्या दुप्पट उंचीकडे, ३,००० मीटरच्या वर. उन्हाळ्यात तिथे मेंढपाळ लोक नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूंमध्ये, म्हणजे युर्तमध्ये, राहतात आणि पाहुण्यांनाही ठेवून घेतात. जुलैतसुद्धा रात्री पाणी गोठू शकतं. तंबूत शेगडी असते आणि तीत वाळलेलं शेण जाळतात.

"म्हणजे गोवऱ्या," आई म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर त्या देशाबद्दल आपुलकी दिसली. "आणि एवढे पैसे घालवून तू गोवऱ्यांवर शेकायला चाललास? तुझ्या आजीकडे फुकट होत्या. तेव्हा धूर येतो म्हणून रडायचास."

खरं सांगायचं तर जितका अभ्यास वाढला तितका तो देश मला आमच्या मामाच्या गावासारखा वाटायला लागला. शहराशहरांत मार्श्रुत्का नावाच्या गाड्या धावतात. त्यांना वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. मेहुणा हे मला अपूर्व म्हणून सांगत होता. अरे, हे वडाप! कराडच्या स्टँडबाहेर मी लहानपणी अशा जीपमध्ये ड्रायव्हरच्या दाराकडच्या बाजूला अर्धा बाहेर बसून गेलोय. तिकडे समोश्याला समसा म्हणतात, चहाला चाय, बाजाराला बाजार. बोर्सोक नावाचे तळलेले कणकेचे तुकडे पाहुण्यापुढे पसरून ठेवतात, म्हणजे साखर विसरलेली शंकरपाळी. बिश्केक हे नावच मुळी घोडीचं दूध घुसळायच्या रवीवरून पडलं असं सांगतात. त्या आंबवलेल्या दुधाला कुमिस म्हणतात आणि घरी आलेल्याला ते आवर्जून देतात. मी शाकाहारी. समसात मटण, पुलावात मटण, लगमान नावाच्या नूडल्सवर मटण. उरलं काय, तर नान, साय, जॅम आणि हे घोडीचं ताक. एकादशीला बरं, असं मेहुणा म्हणाला. त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो.

तरीही अनोळखी मुलुखाला जातोय ही भावना मी जपून ठेवली होती. ती फोडली तळमजल्यावरच्या काकूंनी.

मे महिन्यात एका सकाळी त्या जिन्यात भेटल्या. "अरे, तू बिश्केकला जातोयस म्हणे? माझा भाचा तिथेच आहे की, एमबीबीएसला. तिसरं वर्ष." मी 'हो का' म्हणेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्यांची पुतणी निघाली, आणि ऑफिसात टेबलावर पेढे ठेवणाऱ्या शिपायाचा मुलगासुद्धा. ज्या देशाचं नाव उच्चारायला मला एक आठवडा लागला, तिथे डॉक्टर व्हायला आपल्याकडची हजारो पोरं जाऊन बसली आहेत. भाच्याच्या मेसमध्ये गुरुवारी साबुदाण्याची खिचडी असते, ही माहितीही काकूंनी पुरवली. कोणी जात नाही अशा ठिकाणी जायला मी इतके महिने घालवले होते आणि तिथे गुरुवारची खिचडी आधीच शिजत होती.

काकूंनी मग आवाज खाली केला. २०२४च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हा आपल्या वकिलातीने मुलांना बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. "ते दिवस फोन उशाशी घेऊन झोपले रे. त्याचा फक्त 'ठीक आहे' एवढा मेसेज यायचा. ठीक आहे म्हणजे काय, जेवला का, काही कळायचं नाही." एवढं ऐकल्यावर पुढचं वाक्य काय येणार ते मला कळलं होतं आणि त्याला नाही म्हणता येणार नाही हेही. "एक छोटीशी पिशवी नेशील ना?"

छोटीशी पिशवी साडेतीन किलोंची भरली. बेसनाचे लाडू, चकल्या, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट. लोणचं केबिनमधून जाऊ देत नाहीत हे पटवायला पाऊण तास गेला. मेतकुटाकडे मी बराच वेळ बघत बसलो. पिवळी, बारीक, वासाची पूड, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून रबरबँड. कझाक-किर्गिझ सरहद्दीवरच्या नाक्यावर, बंदूकधारी शिपायासमोर, रशियनचा एक शब्द येत नसताना, ही पूड भातावर तुपाबरोबर खातात हे मी हातवारे करून सांगतोय, असं स्वप्न मला दोनदा पडलं. दुसऱ्या वेळी शिपायाने तूप मागितलं.

त्यात डॉलरचं प्रकरण. तिकडच्या चलनबदलीच्या दुकानांत डॉलरची नोट कोरी करकरीत लागते, घडी, डाग, शिक्का, पेनाचा ठिपका चालत नाही, असं सगळे सांगतात. म्हणून मी ठाण्याला जाऊन शंभराच्या पाच नोटा निवडून आणल्या, एकेक उजेडात धरून. त्यांना घडी पडू नये म्हणून जाड शब्दकोशात ठेवायला निघालो, तेवढ्यात आई म्हणाली, "परदेशाचा पैसा आहे, एक रात्र देवापुढे राहू दे." मी ठेवला. सकाळी पाहिलं तर पाचही नोटा देव्हाऱ्यात ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर एक फूल, आणि नोटेवरच्या बेंजामिन फ्रँकलिनच्या कपाळावर पाचही ठिकाणी ठसठशीत कुंकू. हळदसुद्धा होती, पण ती गालाला लागली होती.

शोभत होतं त्याला, हे मान्य करायला हवं. पण चालणार नव्हतं. चलनवाल्याकडे परत गेलो, तर त्याने नोट हातात घेऊन आधी नमस्कार केला आणि मग "ही घेता येणार नाही" म्हणाला. नव्या पाच नोटा पदरच्या पैशाने. जुन्या पाच आता कायमच्या देव्हाऱ्यात. हा खर्च मेहुण्याने 'किरकोळ'मध्ये टाकला. अल्माटीमार्गे वाचवलेले बाराशे त्या रकान्यात कुठल्या कुठे विरघळले. त्याच्या आधी तिथे सॅकचे साडेपाच हजार, बुटांचे सहा, स्लीपिंग बॅगचे चार, आणि 'जोरदार वाऱ्यात टिकणारी टोपी' सातशे, असे आकडे नांदत होतेच.

निघायच्या आदल्या रविवारी वजनाची पाळी आली. घरातल्या काट्याचा सेल गेलेला, आणि दुकान बंद. तेवढ्यात खालून रद्दीवाल्याची हाक आली. मी सॅक उचलून तसाच चपला घालून खाली धावलो. मागून बायको, मुलगी, पायरीवर काकू, गॅलरीत आई. रद्दीवाल्याने सॅकचा पट्टा हुकाच्या काट्यात अडकवला, दोन्ही हातांनी वर उचललं, डोळा बारीक केला. सात किलो. बरोब्बर सात. मी पुन्हा पुन्हा बघितलं. स्लीपिंग बॅग आत, मेतकूट आत, टोपी आत, आणि सात! मी मेहुण्याला तिथूनच फोन लावला. काकूंचे डोळे भरून आले. "बघ, म्हटलं नव्हतं, हलकीच आहे पिशवी."

बायको हाताची घडी घालून उभी होती. "काटा कोणाचा आहे हा?" तिने विचारलं.

"याचा."

"गेल्या महिन्यात मी घरी बारा किलो मोजून बांधलेली रद्दी याच काट्यावर आठ भरली होती."

रद्दीवाला एकदम वर, जांभळाच्या झाडाकडे बघायला लागला. मुलीचं समप्रमाण नुकतंच शिकवून झालं होतं. तिने ओठ हलवले, बोटं मोजली.

"साडेदहा, बाबा."