राडारोडा उरला की नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

क्लासच्या मुलांसाठी केलेल्या माझ्या इंग्रजी शब्दांच्या यादीवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तक्रारी दोन आहेत. ‘डेसिमेट’ म्हणजे दहातला एक मारणे, हे ठाऊक नसताना मी तो शब्द ‘सगळं संपवणे’च्या यादीत घुसडला, ही पहिली. आणि ‘डिमॉलिश’, ‘इरॅडिकेट’, ‘अनायलेट’ अशा घोळात पोरांना पाडण्यापेक्षा ‘डिस्ट्रॉय म्हणजे नष्ट करणे’ एवढं शिकवून मोकळं व्हावं, ही दुसरी. ‘पुण्यातल्या क्लासवाल्यांना हल्ली शब्दकोश उघडायला वेळ नसतो’ हा टोमणाही पोचला. पेठेत राहते, सवय आहे.

दुसरी तक्रार आधी घेते, कारण ती मला अजिबात पटलेली नाही.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं की बिल्डरने आमचा वाडा दोन दिवसांत ‘इरॅडिकेट’ केला. मी लाल पेनाने तिथे ‘डिमॉलिश’ लिहिलं. पोरगं वही घेऊन परत हजर. “मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, ‘इरॅडिकेट’मध्ये लॅटिनमधलं ‘मूळ’ आहे? मग पार्किंगसाठी त्यांनी पायासुद्धा खणून काढला की!” आता काय बोलणार. मी विचारलं, वाडा पाडल्यावर उरलं काय? म्हणाला, राडारोडा. डंपरवर डंपर भरून गेला. सागवानी दारं आणि तुळया जुन्या बाजारात. म्हटलं, हेच तर. ‘डिमॉलिश’मध्ये उभं असलेलं आडवं होतं आणि ढिगारा मागे राहतो. ‘इरॅडिकेट’ लागतं ते पुन्हा उगवू शकणाऱ्या गोष्टीला: रोग, तण, लाचखोरी. वाडा पुन्हा उगवत नाही. (उगवते ती सोसायटी, ते सोडा.)

मराठीत हे आपण न शिकवता करतो. वाडा जमीनदोस्त होतो, लाडवांचा फडशा पडतो, समोरच्या टीमचा धुव्वा उडतो. ‘पोरांनी लाडवांचं निर्मूलन केलं’ म्हणून बघा घरात. ‘अनायलेट’च्या पोटात लॅटिनमधलं ‘काहीच नाही’ बसलंय, म्हणजे आपलं होत्याचं नव्हतं करणं. तिथे राडारोडासुद्धा शिल्लक नसतो. ‘रेझ’ म्हणजे गाढवाचा नांगर फिरवणं, जो मुरार जगदेवाने याच गावावर फिरवल्याचं आपण शाळेत वाचलं. मात्र ‘वर उचलणे’वालं ‘रेझ’ ऐकायला हुबेहूब तसंच असल्याने शुद्धलेखनात दर वेळी दोन-चार मुलं किल्ला पाडायच्या ऐवजी उभारतात.

हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही. देवी रोग जगातून गेल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं, ते ‘इरॅडिकेशन’. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला, 2014 मध्ये प्रमाणपत्रही मिळालं, तरी जगात इतरत्र पोलिओ आहे म्हणून डॉक्टर त्याला ‘एलिमिनेशन’च म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ उंबऱ्याबाहेर काढणं. घरातून गेला, गल्लीत आहे. म्हणून डोस चालूच. आपल्या सरकारी मराठीतही हत्तीरोगाच्या मोहिमेला ‘दुरीकरण’ म्हणतात. सगळ्याला ‘डिस्ट्रॉय’ म्हटलं, तर उंबरा कुठे दाखवणार?

आता ‘डेसिमेट’. रोमन सैन्यात शिक्षा म्हणून चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक सैनिक मारत, तोही त्याच्याच सोबत्यांच्या हातून. इथवर तुमचं बरोबर. पण म्हणून आजही तोच अर्थ धरायचा, हे कसं चालेल? ‘एक्स्टर्मिनेट’चा मूळ अर्थ हद्दपार करणं. उद्या पेस्ट कंट्रोलवाल्याने तुमची झुरळं नुसती शेजाऱ्यांकडे हाकलली, तर पैसे द्याल? आणि आपलं ‘बेचिराख’ मुळात ‘बे-चिराग’, जिथे दिवा लावायला कोणी उरलं नाही असं गाव. आपल्या कानाला त्यात राख ऐकू आली आणि आता त्या शब्दात आगच दिसते. कोणी ‘गाव बेचिराख झालं’ म्हटल्यावर ‘छे, फक्त दिवे गेले’ असं तुम्ही दुरुस्त करत नसाल.

तरी चूक माझीच आहे, फक्त तुम्ही म्हणता तिथे नाही. आजच्या शब्दकोशातही ‘डेसिमेट’ म्हणजे मोठा हिस्सा संपवणं. थोडंफार मागे उरतंच. दुष्काळाने कळप ‘डेसिमेट’ झाला, तरी चार गुरं दावणीला असतात. त्यामुळे ‘अनायलेट’च्या पंगतीत त्याचं पान मांडायला नको होतं.

काल रात्री तो शब्द यादीतून काढला. काढला म्हणजे ‘ऑब्लिटरेट’ केला नाही. त्यात अक्षरं वाचताच येऊ नयेत इतकी पुसावी लागतात. नुसती आडवी रेघ मारली आहे, खालचा शब्द दिसतो. शेजारी ‘एका वाचकाच्या हरकतीवरून’ असं लिहिलंय. नाव घालायचं असेल तर कळवा.