होलोग्राम स्टिकरनं रात्रीचे फोटो? कायबी!

लातूरच्या आपल्या ग्रुपवर परवापासून फिरायलंय, औषधाच्या डब्यावरचं चमकणारं स्टिकर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवा, होलोग्राफिक फिल्टर तयार, अंधारातले फोटो दिवसासारखे. तसं काही नसतंय. फिल्टर उजेड अडवतो, वाढवत नाही. खरा होलोग्राफिक नॉच फिल्टर म्हणजे जिलेटिन नाहीतर फोटोपॉलिमरच्या (उजेडानं बदलणाऱ्या प्लास्टिकच्या) थरात लेझरनं उमटवलेले अर्ध्या मायक्रॉनहून बारीक थर, ते एकच रंग, समजा 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर, परत फेकतात अन् बाकी उजेड जाऊ देतात, रामन स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे लेझर टाकून विखुरलेल्या उजेडावरनं पदार्थ ओळखायच्या तपासणीत, वापरतात तो, अन् जरा तिरका झाला की अडवायचा रंगच निळ्याकडं सरकतो, म्हणून बसवताना लै जपावं लागतं. डब्यावरचं स्टिकर नुसतं वरून दाबून उठवलेलं. भाच्यानं लावून बघितलं, फोटो धुरकट अन् लेन्सला गोंद.