एक तुकडा कमी

चौतीस वर्षं बँकेत कॅश मोजली. निवृत्त झाले तेव्हा हेड कॅशियर होते. आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी इंग्लंडमधल्या लीड्सला, दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये पंधरा वर्षांच्या एका पोराने मला गल्ल्यापासून बाजूला केलं. "तू नको. ट्रेनिंग झाल्याशिवाय गल्ल्याला हात लावायचा नाही." इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, हे मलाही कळतं. पण मला 'तू'च ऐकू आलं, कारण त्याआधी त्याने मला नुसत्या नावाने हाक मारली होती. माझं नुसतं नाव शेवटचं माझ्या आईने घेतलेलं. ह्यांनी तर कधीच नाही. ते अजून "अगं" वरच आहेत.

लेकीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलो होतो. नोव्हेंबर आला तसा साडेचारलाच सूर्य मावळायला लागला. चहा प्यायचा की जेवायचं, तेच कळेना. "आई, तू व्हॉलंटिअर हो," लेक म्हणाली. तिने नियमही शोधून काढले. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. फुकट काम करायलाही मुदत असते, हे मला नवीन होतं. लेकीने फ्रीजवर कॅलेंडर लावलं आणि माझा एकेक दिवस लाल पेनने खोडायला लागली.

गल्ल्यावरचा तो पोरगा ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कारासाठी आला होता. त्यात मुलांना काही महिने समाजसेवा करावी लागते. म्हणजे तो सर्टिफिकेटसाठी, मी वेळ जात नाही म्हणून. निव्वळ सेवाभावाने दुकानात येणारं कोणी असेल तर ते मॅनेजरबाईंचं कुत्रं.

पहिल्यांदा मला 'गिफ्ट एड'वर बसवलं. देणारा इथे कर भरत असेल, तर त्याची वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला वर २५ पेन्स देतं. म्हणून पिशवी घेऊन येणाऱ्याला गोड आवाजात विचारायचं, की आपण कर भरता का? मी विचारलं. पण माझा बँकेतला आवाज लागला असावा. ते आजोबा पिशवी तिथेच टाकून जवळजवळ पळाले. त्यानंतर माझी रवानगी मागच्या खोलीत झाली.

मागच्या खोलीत ख्रिसमसची आवक पडलेली. वाफेच्या इस्त्रीखाली घालायचे स्वेटर, फाशांशिवायचे सापशिडीचे खेळ, एकेकटे मोजे. मॅनेजरबाईंनी त्यातलाच एक स्वेटर मला दिला; डिसेंबरात सगळ्यांनी तसलाच घालायचा म्हणे. त्यावर पोटभर सांताक्लॉज, त्याला खऱ्या कापसाची दाढी. मी हसले, पण ऊब चांगली होती. जावई घरात हीटर अठराच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून मी तो घरीही घालायला लागले.

आणि मग मॅनेजरबाईंनी एक डबा पुढे केला. जिगसॉ पझल. तुकडे १०००. चित्रात बर्फ, बर्फातलं चर्च आणि वर राखाडी आभाळ. "सगळे तुकडे आहेत का बघशील?"

मोजायचं! माझे हात शिवशिवले. ओला स्पंज तेवढा मागायचा राहिला. मी दहा-दहाच्या चळती लावल्या. बेरीज आली १०२५. पुन्हा मोजलं. १०२५. कॅशमध्ये जास्त निघणं कमी निघण्याइतकंच वाईट, त्यामुळे तिसऱ्यांदा मोजलं. शेवटी मॅनेजरबाईंना सांगितलं, दुसऱ्या कुठल्या तरी डब्यातले २५ ह्यात आलेत.

"छान," त्या म्हणाल्या. "पण चित्र होतंय का?"

अशा रीतीने पझल घरी आलं आणि जेवणाचं टेबल गेलं. आठ दिवस सगळे ताटल्या मांडीवर घेऊन जेवले. जावई बिचारे ओट्यापाशी उभ्यानेच. पझलचा शोध म्हणे १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशेवाल्याने लावला. भूगोल शिकवायला त्याने नकाशातल्या देशांचे तुकडे केले. इथल्या लोकांचा त्यात हातखंडाच. पण देशाला निदान आकार असतो. बर्फाचा पांढरा तुकडा बर्फाच्या दुसऱ्या पांढऱ्या तुकड्यापासून कसा ओळखायचा?

"हे काय खूळ," असं म्हणत म्हणत हे दुसऱ्या दिवशी आभाळाला बसले. रात्री अकराला मला हलवून उठवायचे, "अगं, कोपरा लागला!" निवृत्तीनंतर इतक्या उत्साहाने त्यांनी मला कशासाठीही उठवलेलं नाही.

आठव्या रात्री चित्र झालं. आभाळात एक भोक. मी कडेचे तुकडे मोजले. आडवे ३८, उभे २७. गुणाकार केला आणि डोळे उघडले: १०२६! हे पझलवाले १०२६ तुकडे कापतात आणि डब्यावर बिनदिक्कत हजार छापतात. माझं मोजणं अचूक होतं. फक्त पंचवीस जास्त नव्हते, एक कमी होता.

मग शोध सुरू झाला. गालिचा झटकला. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी केली. हे टॉर्च घेऊन सोफ्याखाली पालथे पडले आणि पाठ धरली म्हणून तिथेच अर्धा तास राहिले. तुकडा नाही तो नाहीच.

डब्यावर 'एक तुकडा कमी' अशी चिठ्ठी लागली आणि तीन पौंडांचं पझल एक पौंडाला आलं. चोवीस तारखेला सकाळी एका बाईंनी ते उचललं, चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला. "ही चिठ्ठी काढून देता येईल का?" त्यांनी हळूच विचारलं. "भावाला द्यायचंय. जानेवारीपर्यंत शोधत बसेल." मी चिठ्ठी काढून दिली. बँकेत असते तर मेमो मिळाला असता.

तो माझा तिसावा दिवस. दुपारी सांताचा स्वेटर परत करायचा म्हणून उतरवला, वाफ दिली आणि कापसाची दाढी विंचरायला घेतली. दाढीतून टप्पकन काहीतरी पडलं. राखाडी. आभाळाचं.

तो तुकडा आता माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज जेवण झालं की ते एकदा सोफ्याखाली टॉर्च मारतात, आणि मग शांत झोपतात.