फोटोखालचं नाव आणि एक हरलेला खटला

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते पाठवलं नाही. आधी निकालपत्र पुन्हा वाचून काढलं आणि मगच हे लिहितो आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा इतिहास मी लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. १९७१ साली पोलिसांनी डेलीच्या कचेरीची झडती घेतली, तिच्यावर मी पानंच्या पानं खर्ची घातली आणि पत्र तो खटला हरलं हे मात्र एका वाक्यात उरकलं. निदर्शकांना अडकवू शकतील असे फोटो नष्ट करायचं धोरण डेलीने स्वतःच जाहीर केलं होतं, ते मी लपवलं. आणि शेवटी, ज्या पत्रातली सगळी माणसं चार वर्षांत बदलतात, त्याला इतिहास कसला? ते फक्त माजी विद्यार्थ्यांचं स्मरणरंजन.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ते धोरण होतं, झडतीच्या आधीपासून होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही त्याचा उल्लेख आहे. मला ते माहीत होतं. लेखाचा ओघ बिघडेल म्हणून मी ते गाळलं, आणि इतिहास सांगणाऱ्याने असं करायला नको होतं. पोलिसांना शंका का आली हे त्याशिवाय वाचकाला कळणारच नाही. त्या बाबतीत तुमचं म्हणणं मी विनातक्रार मान्य करतो.

पण हरलेल्या खटल्याचं काय? तिथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि का नाही ते सांगायला पुन्हा त्या चार दिवसांत जावं लागेल.

स्टॅनफर्डच्या रुग्णालयात एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याला कामावरून काढल्याच्या निषेधार्थ आंदोलकांनी प्रशासकीय कचेऱ्या ताब्यात घेतल्या होत्या. ९ एप्रिल १९७१ रोजी पोलीस त्यांना बाहेर काढायला गेले. गर्दी, पत्रकार, बघे बहुतेक सगळे इमारतीच्या पश्चिमेकडच्या दारापाशी. पूर्वेकडच्या दारातून मात्र काठ्या घेतलेला एक घोळका बाहेर पडला आणि तिथे उभ्या असलेल्या नऊ पोलिसांवर तुटून पडला. नऊच्या नऊ जखमी झाले. एकाला खाली पाडून डोक्यावर वार केले, दुसऱ्याचा खांदा मोडला. पूर्वेकडे पोलिसांचा एकही छायाचित्रकार नव्हता आणि जखमींना हल्लेखोरांपैकी दोघेच ओळखता आले. या मारहाणीबद्दल माझ्या मनात तेव्हाच्या निदर्शकांविषयी जराही सहानुभूती नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

दोन दिवसांनी, रविवारी, डेलीचा विशेष अंक निघाला. त्यातल्या फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव होतं. त्या नावावरून पोलिसांनी ताडलं की हा माणूस पूर्वेच्या बाजूला असावा, म्हणजे मारहाणीचे फोटोही त्याच्याकडे असू शकतील. बारीक टाइपातली ती एक ओळ, आणि तिच्यामुळे पुढची सात वर्षं कोर्टात गेली. सोमवारी १२ तारखेला वॉरंट घेऊन चार पोलीस कचेरीत आले. डार्करूम, फायलींची कपाटं, टेबलांचे खण, कचऱ्याच्या टोपल्या, सगळं तपासलं. कुलूपबंद खण आणि खोल्या तेवढ्या उघडल्या नाहीत. हे चालू असताना डेलीची काही मुलं तिथेच उभी होती. टेबलावरच्या टिपणवह्या आणि पत्रं पोलिसांना वाचता येण्यासारखी होती. ती वाचली गेली असं मुलांचं म्हणणं, तर आम्ही मर्यादा ओलांडली नाही असं पोलिसांचं. हाती लागले ते छापून झालेलेच फोटो. पोलीस रिकाम्या हाती परत गेले.

यात एक गोष्ट महत्त्वाची, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत निसटली आहे. पत्रावर कसलाही आरोप नव्हता. डेलीच्या कोणी पोलिसांना हात लावला असं पोलीसही म्हणत नव्हते. अशा त्रयस्थाकडून पुरावा हवा असेल तर कोर्टाकडून समन्स काढता येतं: अमुक फोटो अमुक तारखेला हजर करा. समन्स आलं की वकील गाठायला, न्यायाधीशापुढे हरकत घ्यायला वेळ मिळतो. वॉरंटमध्ये तसा वेळ मिळत नाही. पोलीस दारात उभे असतात, आणि जे फोटो शोधायचे त्यांच्यासोबत नावं न छापण्याच्या अटीवर बोललेल्या माणसांच्या मुलाखतींची टिपणंही त्यांच्या नजरेखालून जातात. डेलीने विद्यापीठाशेजारच्या पालो आल्टो शहराचे पोलीसप्रमुख झुर्चर यांच्यावर दावा लावला तो या फरकावर. खालच्या दोन्ही कोर्टांत पत्र जिंकलं. सर्वोच्च न्यायालयात ३१ मे १९७८ रोजी ५ विरुद्ध ३ मतांनी हरलं.

आता तुमचा प्रश्न असा की हरल्यावर त्यात उरलं काय. निकालानंतर अमेरिकेतल्या प्रत्येक वृत्तपत्राच्या लक्षात आलं की जी वेळ एका विद्यार्थी-पत्रावर आली ती उद्या आपल्यावरही येऊ शकते. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या असहमतीच्या मतात तर भीती पत्रकारांपुरतीही नव्हती. डॉक्टर, वकील, दुकानदार, कुणाच्याही कपाटात दुसऱ्याच्या गुन्ह्याचा कागद असू शकतो. ओरड झाली, संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९८० साली कायदा झाला: छापण्यासाठी जमवलेली सामग्री जप्त करायला वृत्तपत्राच्या कचेरीत झडती घेता येणार नाही, मोजके अपवाद वगळता.

त्या अपवादांत एक असा आहे की समन्स पाठवलं तर कागद किंवा फोटो नष्ट केले जातील असं मानायला कारण असेल, तर झडती चालेल. आणि इथे तुमचा आक्षेप मला वाटला होता त्याहून खोल जातो. 'फोटो नष्ट करू' असं छापून जाहीर करणाऱ्या १९७१च्या डेलीला हा कायदा तेव्हा असता तरी कदाचित वाचवू शकला नसता. ज्यांच्या खटल्यातून कायदा जन्मला, त्यांनाच तो पुरला नसता. तुम्ही बोट ठेवलं नसतं तर हे माझ्या ध्यानात आलं नसतं, आणि याबद्दल मी तुमचा खरोखर ऋणी आहे.

राहता राहिली 'माणसं बदलतात' ही गोष्ट. हे विद्यार्थी-पत्राचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, यात वादच नाही. संपादक कामात मुरतो तोवर त्याची मुदत संपते. प्रशासनाला भांडावंही लागत नाही, नुसतं थांबलं तरी पुरतं. म्हणूनच या पत्रांचा इतिहास माणसांच्या नावांनी लिहून भागत नाही. छपाईचं बिल कोण भरतं आणि मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा, हे बघावं लागतं.

१९६७ साली अलाबामातल्या ट्रॉय स्टेट कॉलेजात काय झालं ते बघा. गॅरी डिकी हा तिथल्या 'ट्रोपोलिटन' या विद्यार्थी-पत्राचा संपादक. त्याने कायदेमंडळातल्या टीकाकारांविरुद्ध अलाबामा विद्यापीठाच्या अध्यक्षांची बाजू घेणारा अग्रलेख लिहिला. कॉलेजचा नियम असा की राज्यपाल आणि कायदेमंडळ यांच्यावर टीका छापायची नाही, कारण कॉलेज राज्याच्या मालकीचं. स्तुतीला मात्र बंदी नव्हती! त्या जागी टाकायला त्याला दुसरा मजकूर देण्यात आला. विषय: नॉर्थ कॅरोलिनातलं कुत्रेपालन. डिकीने अग्रलेखाचं शीर्षक तसंच ठेवलं, खालची जागा कोरी सोडली आणि तिच्यावर तिरका एकच शब्द छापला: 'सेन्सॉर्ड'. कॉलेजने त्याला पुढच्या सत्रात प्रवेश नाकारला. न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी तो निर्णय रद्द ठरवला, पण त्या कोऱ्या जागेचं पान काही परत भरून निघालं नाही.

डेली १९७३ साली विद्यापीठापासून कायद्याने वेगळं झालं, स्वतःची ना-नफा संस्था काढून. बर्कली विद्यापीठातल्या 'डेली कॅलिफोर्नियन' या विद्यार्थी-पत्राने हेच दोन वर्षं आधी केलं होतं, संपादकांना काढून टाकण्यावरून झालेल्या भांडणानंतर. ज्यांनी ही कागदपत्रं केली ती मुलं केव्हाच पदवी घेऊन निघून गेली. पण नोव्हेंबर २०२२मध्ये पहिल्या वर्षाच्या थिओ बेकरने विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लविन यांच्या शोधनिबंधांतल्या संशयास्पद प्रतिमांवर लिहायला घेतलं, तेव्हा बातमी थांबवण्याचा अधिकार त्या अध्यक्षांच्या कार्यालयाकडे नव्हता. या शंका एका संकेतस्थळावर कित्येक वर्षं पडून होत्या. चौकशीत अध्यक्षांनी स्वतः फेरफार केल्याचं आढळलं नाही. पण त्यांच्या प्रयोगशाळांतून निघालेल्या निबंधांत दोष निघाले आणि ते सुधारण्यात अध्यक्ष कमी पडले, असा निष्कर्ष आला. जुलै २०२३मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांनी केलेली तजवीज त्यांचं नावही ठाऊक नसलेल्या मुलाच्या कामी आली. याला मी इतिहास म्हणतो. तुम्ही स्मरणरंजन म्हणालात म्हणून हे इतकं लांबवलं.

आणि १९८०च्या त्या कायद्याचंही एक सांगतो. एप्रिल २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या 'द ब्रीझ' या विद्यार्थी-पत्रात सरकारी वकील पोलिसांसह वॉरंट घेऊन शिरल्या. एका दंगलीचे फोटो हवे होते. नऊशेहून जास्त फोटो त्यांनी नेले. १९७१चीच पुनरावृत्ती म्हणा ना. फक्त या वेळी मुलांच्या हाताशी कायदा होता. तडजोडीत पत्राने वीस फोटो दिले, सरकारी वकिलांनी माफी मागितली आणि वकिलाच्या खर्चापोटी १०,००० डॉलर मिळाले.

फोटो नष्ट करण्याच्या धोरणाचा परिच्छेद मी मूळ लेखात, झडतीच्या वर्णनाच्या आधी, घातला आहे. खटल्याचा भाग मात्र आहे तेवढाच ठेवतो.