मालकाकडून उत्तर: डिशच्या वायरीबद्दल

नमस्कार साहेब,

पहिल्याच वळवाच्या पावसात तुमचा टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स जळाला, घरच्यांना मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘ईएमपी-प्रूफ सांगून साधा सर्ज प्रोटेक्टर गळ्यात मारला, फसवलं’ असं जे रिव्ह्यूमध्ये लिहिलंत, ते फार लागलं. लॅमिंग्टन रोडवर आमचा धंदा विश्वासावर चालतो, आणि आता नवीन गिऱ्हाईक आधी तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू बघतं.

ईएमपीचा, म्हणजे अणुस्फोटातून येणाऱ्या विद्युतचुंबकीय झटक्याचा, विषय तुम्ही काढलात, फोनवर व्हिडिओ दाखवलात. तेव्हाच मी म्हटलं की ते घरातल्या डीबीचं (मेन स्विच आणि एमसीबीच्या डब्याचं) काम नाही. खूप उंचावर अणुस्फोट झाला तर पहिला झटका काही नॅनोसेकंदांत टोक गाठतो. तुमच्याकडे बसवलेला टाइप २ एसपीडी (तोच सर्ज प्रोटेक्टर) त्याहून कितीतरी सावकाश चढणाऱ्या, ८/२० मायक्रोसेकंदांच्या लाटेवर तपासलेला असतो, म्हणजे आसपास वीज पडली किंवा लाइनवर स्विचिंग (मोठा लोड चालू-बंद) झालं की येणाऱ्या सर्जसाठी, वायरीतल्या विजेच्या अचानक उसळीसाठी. ईएमपीला अख्ख्या खोलीला धातूचं कवच लागतं, आत शिरणाऱ्या प्रत्येक वायरीवर फिल्टर लागतो. १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर अणुचाचणी केली, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटर लांब होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले, हे मीच तुम्हाला काउंटरवर सांगितलं होतं. ईएमपीचा शेवटचा, रेंगाळणारा भाग तर लांबलचक ट्रान्समिशन लाइन आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरना त्रास देतो. १९८९ मध्ये सौर वादळाने क्यूबेकची वीज नऊ तास गेली, तीही तशाच प्रकारे. एवढं सगळं समजावणारा माणूस तोच डबा ईएमपी-प्रूफ म्हणून कशाला विकेल?

आता जळालं कशाने ते. आमच्या मिस्त्रीने तुमच्यासमोर डीबी उघडला. एसपीडीची खिडकी हिरवी होती, म्हणजे तो शाबूत होता, अर्थिंग ठीक होतं, त्याच डीबीवरचे फ्रिज आणि एसी चालू होते. काळा पडला होता तो सेट-टॉप बॉक्सच्या मागचा, डिशच्या वायरीचा आट्यांचा कनेक्टर. सर्ज गच्चीवरून त्या वायरीने बॉक्समध्ये आला आणि एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीत गेला. लाइटच्या लाइनवर बसवलेला एसपीडी तो कसा अडवणार? त्या वायरीवरचा सर्ज अडवणारा वेगळा अरेस्टर कोटेशनमध्ये लिहिला होता, काहीशे रुपयांचा. ‘हे कशाला?’ म्हणून तुम्ही स्वतः पेनाने ती ओळ खोडलीत. तो कागद फाइलला आहे, कधीही येऊन बघा. डिशचा स्टँड अर्थ करायला सोसायटीची परवानगी आणतो म्हणालात, तेही राहून गेलं.

बिल जीएसटीसकट पक्कं दिलं आहे, त्यामुळे जास्त पैसे लावल्याच्या आरोपावर वेगळं काही लिहीत नाही.

यापुढे कोटेशनमध्ये कोणत्या वायरीला संरक्षण नाही ते ठळक लिहू, इतरही काही सुधारणा चालू आहेत. सोसायटीची परवानगी मिळाली की कळवा. अरेस्टर तेवढा विकत घ्या, बसवण्याची मजुरी घेणार नाही. तोवर आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच प्लगबरोबर डिशची वायरही काढून ठेवत जा. एकदा गडगडायला लागलं की मात्र वायरीला हात लावू नका.

तारा एकच ठेवायचा तर ठेवा, साहेब. ‘फसवलं’ एवढं मात्र काढा, ही हात जोडून विनंती.