घरातल्या बाईला लकवा झाला तर : काही उपयुक्त सूचना

सगळ्यात आधी, घाबरू नका. लकवा बाईला झालाय, कर्त्या माणसाला नाही. त्याला झाला असता तर दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाला दारात उभा केला असता तुम्ही, उसनवारी करून. 'कमावता हात आहे हो,' म्हणताना डोळ्यांत पाणीही आलं असतं. हिचाही उजवाच हात गेलाय, पण तो कुठे कमावता? पहाटे पाचला पाणी भरायचा, वीस-पंचवीस भाकऱ्या थापायचा, झालं. सून आहेच.

(ऊसतोडीच्या फडावर मात्र हिशेब वेगळा. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. बायको पडली की कोयता अर्धा मोडतो, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पूर्ण फेडायची राहते. तिथे काळजी होते, उचलीची.)

घरी सोडताना डॉक्टर रबरी बॉल दाबायला सांगतील : दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा. बॉल जरूर घ्या, स्वस्तात येतो. पहिले तीन महिने फार महत्त्वाचे, असंही ते सांगतील. मान डोलवा. ते तीन महिने नेमके सोयाबीनच्या काढणीत आणि पुतणीच्या लग्नात जातात, त्याला तुम्ही काय करणार?

जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचीच वेळ आली, तर सोबत मुलीला पाठवा. मुलाची शाळा बुडते. मुलीची नुसती रजा होते. रॅम्पवर मोटरसायकली लावलेल्या असतील. चढ एकास बारा असावा असा नियम आहे, आणि गाड्या लावायला तो फारच सोयीचा पडतो. आत खाटा ओळीने, पडदा एकच, तोही भिंतीकडच्या खाटेला. पुरुष थेरपिस्ट म्हणेल, 'मावशी, गुडघा वर घ्या.' मावशी नऊवारीचा काठ दोन्ही गुडघ्यांत आवळून धरतील आणि म्हणतील, 'आता बरंय मला.' कागदावर 'रुग्णाचे सहकार्य नाही' असं लिहून घ्या आणि पुढची एसटी गाठा.

कायद्याची भीती बाळगू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 25 आहे : घराजवळ, विशेषतः खेड्यात, मोफत उपचार आणि रांगेत प्राधान्य. चांगलं कलम आहे, छापलंयही सुबक. चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करायला गेलात तर ओटीपी धाकट्या दिराच्या मोबाइलवर येईल, कारण तिच्या आधारला त्याचाच नंबर जोडलाय. आणि दीर त्या वेळी पुण्यात.

एरवीही बायकांना अपंगत्व कमीच येतं. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले. त्यात पुरुष दीड कोटी, बायका 1 कोटी 18 लाख. 'घरात कुणी अपंग?' या प्रश्नाला ओट्यावर बसून उत्तर कोण देत होतं, असं विचारणारे शंकेखोर भेटतील. त्यांना चहा विचारू नये.

चहावरून आठवलं. दीड-दोन महिन्यांनी ती भिंत धरत चुलीपर्यंत जाईल, डाव्या हाताने आधण ठेवेल. अर्धा चहा कपात, अर्धा बशीत, थोडा पायावर. लगेच आळीभर सांगून टाका, 'बरी झाली!' मालिशवालीला उद्यापासून येऊ नको म्हणा.

बॉल शोधू नका. तो गण्याने कधीच गच्चीवर क्रिकेटला नेलाय.